शिळ्या पाण्याचा हौद

अकोला, कार्तिक वद्य पंचमी, शके १७८७

प्रिय गोपाळ,

‘चिरंजीव’ लिहिणार होतो. थोरल्या भावाने धाकट्याला दुसरे काय लिहावे? पण तुमच्या कंपनीच्या पत्रांत सगळ्यांनाच ‘प्रिय’ म्हणतात, ज्याच्यावर उद्या फिर्याद ठोकायची आहे त्यालाही. तुला आता तीच रीत अंगवळणी पडली असेल, म्हणून तीच धरली.

तुझा गाडीवान पुंजाराम काल दुपारी अमरावतीहून आला. बैल सोडले, पाय धुतले, आणि ओट्यावर टेकून एका दमात तुझा निरोप म्हणून दाखवला. काचेचा हौद हिरवा पडला आहे, पाण्याला वास मारतो, मासे वर येऊन तोंडे वासतात, मार्गशीर्षात नवा साहेब येणार आहे, आणि दादांना गाडीत बसवूनच आण. मी म्हटले, मी येणार नाही. त्यावर तो म्हणाला, “तुमी काहून येत नाही दादासाहेब? साल होऊन राह्यलं. मालक म्हणते, दादाले काय झालं ते पुसून ये.” म्हणजे तुझे प्रश्न दोन. हौद कसा जगवायचा, आणि मी तुझा उंबरा का चढत नाही. पहिल्याचे उत्तर लांब आहे, दुसऱ्याचे आखूड. लांब आधी लिहितो, कारण मासे थांबत नाहीत. आखूड शेवटी वाच. मधली पाने गाळून तिकडे उडी मारू नकोस. लहानपणी गोष्टीचा शेवट आधी विचारायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

तुझ्या मागे काय लागले आहे ते मला कळत नाही असे समजू नकोस. अमेरिकेतली लढाई संपली आणि आपल्याकडे कापसाचे भाव कोसळले. काल-परवापर्यंत ज्यांचे बैल शिंगांना चांदीची टोपणे घालून बाजारात जात होते, ते आता टोपणे विकून राहिले आहेत. खामगावला पेढ्यांना कुलपे लागली. तुमची कंपनीही अमरावतीचा एखादा दलाल ठेवील, बाकीच्यांना निरोप देईल. कोणाला ठेवायचे हे ठरवायला नवा साहेब येतो आहे, आणि जुन्या साहेबाने मुंबईत तुझ्या हौदाचे इतके वर्णन केले आहे की तो म्हणे आधी तोच पाहणार. साहेबलोक माणूस कामावरून कमी आणि दिवाणखान्यावरून जास्त जोखतात, हे तूच मला सांगितले होतेस. तेव्हा हौद जगला तर तुझी दलाली जगेल. पुंजारामने हे सांगितले नाही. त्याच्या तोंडावर होते.

हौद आला तो दिवस आठवतो? गेल्या साली दसऱ्यानंतर. मुंबईहून रूळ होते तिथवर आगगाडीने, पुढे छकड्यावर. लोखंडी चौकट, चारी बाजूंना बिलोरी काच, तळाला काळी पाटी. आणि सगळे कापसात गुंडाळलेले. त्या साली लोक उशीतला कापूस काढून विकत होते, आणि तू काच कापसात गुंडाळून आणलीस. गल्लीतली माणसे हौदापेक्षा तो कापूस पाहायला जमली होती. तुझे शेजारी महादेवराव, तेही दलालच, मिशीला पीळ भरत म्हणाले, “गोपाळराव, ब्राह्मणाच्या दिवाणखान्यात मासे पाळताय, मग आम्हाला पंगतीला कधी बोलावता?” सगळे हसले. तूही हसलास, पण तुझे कान लाल झाले होते, असे पुंजाराम सांगतो. तेव्हाच तू मला अकोल्याला निरोप धाडलास. घरातली घड्याळे, दिवे, कुलपे ज्याने आपल्या अकलेने उघडून पाहिली, तोच हे काम करील असे तू चारचौघांत म्हणालास म्हणे. मला ते गोड वाटले. खोटे कशाला लिहू?

आता काम सांगतो. पहिल्यांदा सांधे. मुंबईची लांबी, म्हणजे काच बसवायचा लगदा, वाटेत धक्क्यांनी निघाली होती. ती मी सगळी खरवडून काढली आणि जवसाच्या तेलात खडूची पूड मळून नवी भरली. आताही सांधे पाहून घे. जिथे बोट ओले होईल तिथे पुन्हा भर, आणि भरल्यावर हौद पाण्याने भरून ठेवून ते पाणी फेकत राहा, तेलाचा वास पुरता जाईपर्यंत. तुला घाई होते. वास ‘थोडाच आहे’ म्हणशील. माशाला थोडा पुरतो.

मग रेती. पूर्णेची जाड रेती, इतकी धुवायची की धुतलेले पाणी प्यावेसे वाटले पाहिजे. तिच्याखाली नदीच्या गाळाचा बोटभर थर, झाडांच्या मुळांसाठी. काळी माती घालू नकोस. कापसाला ती आई आहे, पण पाण्यात फुगते, वर येते, आणि आठवडाभर शाई ढवळल्यासारखा हौद दिसतो. पुंजाराम तुला मोठ्या मायेने शेतातली काळी माती आणून देईल. त्याला नाही म्हण.

मग पाणी. हे नीट वाच. तुझ्या परसातल्या विहिरीचे पाणी मचूळ आहे. तुम्हाला सवयीने कळत नाही, पण तुझ्या घरची डाळ शिजत नाही हे तुझी स्वयंपाकीण गोदाबाई रोज बोलते. त्या पाण्यात पाणगवत पिवळे पडते. पाणी नदीचे हवे, आणि ते मातीच्या माठांतून आणायचे. तांब्याच्या घागरी नकोत. आपण तांब्यातले पाणी शुद्ध मानतो, पण तांब्यात रात्रभर राहिलेल्या पाण्यात मी एकदा गोगलगायी सोडल्या, त्या दुपारी कवचाबाहेर लोंबत होत्या. हे कुणी शिकवले नाही मला. मी पाहिले.

झाडे दोन जातींची लावली होती. एक फितीसारख्या लांब पानांचे पाणगवत, ते मागच्या काचेला; एक बारीक पानांची शेवाळ, ती कोपऱ्यांत. ती रेतीत खोचताना मुळाशी गारगोटी ठेवायची, नाहीतर सकाळी सगळी बाग वर तरंगते. आणि झाडे लावून झाली की, गोपाळ, काही करायचे नाही. हात बांधून बसायचे. हेच तुला जमत नव्हते. तुझ्या माणसांनी पूर्णेवरच्या नत्थुजी भोयाला बोलावून आणले होते. तो घागरभर बोटाएवढे चंदेरी मासे घेऊन आला, आणि मी ते सोडू देईना. नत्थुजी माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, “मासा पान्यातच राह्यते महाराज. त्याले पान्याची वळख करून द्या लागते काय?” तू त्याची बाजू घेतलीस. मी हौदावर आडवा हात धरून उभा राहिलो, म्हणून त्या घागरीतले मासे वाचले.

नवे पाणी कोरे असते. त्यात झाडांची दोनचार पाने कुजू द्यायची, दोनचार गोगलगायी सोडायच्या. मग ते पाणी तांदळाच्या धुवणासारखे पांढरट होते, वास मारते. माणूस घाबरतो आणि ओतून टाकतो. ओतायचे नाही. ते आपोआप निवळते, वास जातो, आणि काचेच्या आतून बोट फिरवले तर किंचित बुळबुळीत लागते. ती बुळबुळ म्हणजे हौदाचा जीव. ती आली की एक मासा सोडायचा, तोही दणकट, स्वस्तातला. तो खाऊ लागला, पंख पसरून राहिला, की मग बाकीचे, थोडे थोडे करून. आणि घाईच असेल, जशी तुला आज आहे, तर एकच उपाय. जुन्या, जगत्या हौदातली ओंजळभर रेती आणि घागरभर पाणी नव्यात घालायचे, दुधाला विरजण लावतात तसे. विरजण असेल तर दही लागते. नसेल तर कितीही उंची भांडे घे.

हे विरजण माझ्याकडे होते, कारण तुझा हौद लावल्यावर मी घरी परसातल्या दगडी डोणीत तसाच एक डाव मांडला होता. तुझ्याकडे काही बिघडले तर इथे आधी करून पाहता यावे म्हणून. तुझ्या वहिनीने त्या डोणीतल्या एका माशाला नाव ठेवले होते, शालू, अंगावर लाल कड होती म्हणून. ती भांडी घासायला बसली की तो मासा कडेला यायचा. ती त्याच्याशी बोलायची. माझ्याशी बोलत नाही तितके.

आणि तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट. हौदाबरोबर विलायतेतून एक पुस्तक आले होते, काचेच्या हौदात झाडे व मासे कसे राखावे याचे. तू त्याचे पहिले पान उभ्याउभ्या वाचलेस, दोन वाक्यांत अर्थ सांगितलास, आणि बाजूला टाकलेस. मी ते मागून घेतले. तू म्हणालास, “दादा, चित्रे पाहा तुम्ही.” चित्रे सुंदर होती. पण मी कचेरीत नकलनवीस आहे. इंग्रजी कागद येतात, त्यांची नक्कल मी अक्षर बघून उतरवतो. अर्थ कळत नसताना मी इतकी वर्षे ती अक्षरे काढत आलो आहे. म्हटले, आता अर्थही काढू. खुशालराव म्हणून आमचे पोस्टातले कारकून आहेत, त्यांच्याकडचा कोश मागून आणला, आणि रोज कचेरीआधी एक एक ओळ फोडत बसलो. पुस्तक म्हणते हौद उन्हात ठेवा. तो विलायतचा सूर्य. आपल्याकडे उन्हात ठेवला तर हौदाचे सूप होते. म्हणजे पुस्तक चुकले कुठे, हेही मला कळू लागले. कुणाला सांगितले नाही. मनात होते, तुझा साहेब येऊन जाईल, तू खुशीत असशील, तेव्हा ते पुस्तक काढून पहिले पान तुझ्यापुढे इंग्रजीत वाचून दाखवायचे. वाचून दाखवायचे म्हणजे पाठ करून नव्हे, बोट ठेवून.

तुला आठवत असेल की नाही कोण जाणे. वडील गेले तेव्हा तू दुडदुडत चालत होतास. शाळा मला मिळाली नाही. पोथ्यांवरून आणि कचेरीच्या फेकलेल्या कागदांवरून जे उचलले तेवढे माझे. तुझा श्रीगणेशा मी धूळपाटीवर गिरवून घेतला, तुझे बोट माझ्या मुठीत धरून. संध्याकाळी तू कचेरीत यायचास. कागद झाला की ज्याला लिहिता येत नाही तो शेतकरी खाली नांगर काढायचा, बाई असेल तर बांगडी, आणि मी शेजारी लिहायचो, निशाणी अमक्याची. ज्याला लिहिता येते तो सही करून पुढे लिहायचा, दस्तुर खुद्द. म्हणजे हे मी माझ्या हाताने लिहिले. तुला ते दोन शब्द असे आवडले की तू कोळशाने घरच्या भिंतीवर लिहीत सुटलास. ओट्यावर, न्हाणीत, गोठ्यात, सगळीकडे दस्तुर खुद्द. तुझ्या वहिनीने न्हाणीतला तेवढा पुसू दिला नाही. अजून आहे.

संक्रांतीची गोष्ट आता. ती कशी झाली हे तू कधी धड विचारले नाहीस, फक्त ओरडलास, म्हणून लिहितो. मार्गशीर्षात हौद पिकला होता. झाडे हलत होती, मासे काचेशी येऊन माणसे बघत होते. मी अकोल्याला परतलो. निघताना मला तुझ्या बायकोला सांगायचे होते की पाणी बदलू नका, फक्त उडून जाईल तेवढे वरून घाला. पण सत्यभामा माझी धाकटी भावजय. ती माझ्यासमोर येत नाही, मी तिच्याशी बोलत नाही. आपल्या घरची रीत. तेव्हा मी दिवाणखान्यात उभा राहून गोदाबाईला सांगितले, गोदाबाईने माजघराच्या दाराशी जाऊन सांगितले, आणि आतून उत्तर घेऊन आल्या. “बाई म्हणतात, बरं.” एवढेच. एक ‘बरं’ दोन दारांतून फिरून आले, आणि मी ते खरे मानून गाडीत बसलो.

भोगीच्या दिवशी आपल्याकडे घर धुतात. रांजण रिकामे होतात, पितळ लखलखते, कालचे पाणी थेंबभर कुणी ठेवत नाही. आणि दिवाणखान्यात महिन्याचे शिळे पाणी, आत शेवाळ, काचेला बुळबुळ, वर आठ दिवसांनी साहेब येणार. त्या बाईने काय करावे? तिने गडी लावून हौद उपसला, रेती राखेने घासली, काच नारळाच्या शेंडीने चोळली, आणि परसातल्या विहिरीचे ताजे पाणी काठोकाठ भरले. मासे तेवढा वेळ तांब्याच्या घंगाळात. परत सोडले तेव्हा ते आडवे फिरू लागले. मी तिला दोष देत नाही. तिने स्वच्छ घराची सून म्हणून जे शिकले ते केले. पण तू तिला एक शब्द विचारला नाहीस. महादेवराव बसले असताना तू निरोप्याला सांगितलेस की दादांनी कसले पाणी भरले होते देव जाणे, सगळे मेले. महादेवरावांनीच मला नंतर हसत हसत ऐकवले. तुझा निरोप्या भला माणूस, त्याने मला फक्त एवढेच सांगितले, “मासे गेले, लवकर चला.”

मी लवकर निघालो. डोणीतले सगळे पाणी माठांत भरले, रेती गोणपाटात, गवत ओल्या धोतरात गुंडाळून. मासेही काढले. तुझ्या वहिनीने शालूला धरून माठात सोडले आणि आत निघून गेली. मूर्तिजापुराशी चाक फुटले तेव्हा मी माठ धरून गाडीत बसून होतो, एक माठ मांडीवर. अमरावतीला आलो तेव्हा साहेब यायला एकच दिवस उरला होता. आंघोळ केली नाही, हौदाला लागलो. विरजण घातले, गवत खोचले, माझ्या घरचे पाणी, माझ्या घरचे मासे. सकाळी पाणी काचेसारखे होते. तू येऊन पाहिलेस आणि म्हणालास, “वाचलो.” त्या वेळी मला वाटले, पोरगा मिठी मारील. तू घड्याळ पाहिलेस.

आता तुझा हिरवा हौद. तू तो खिडकीपाशी नेला असशील, रस्त्यावरून दिसावा म्हणून. परत भिंतीशी ने. आल्यागेल्याने भाताची शिते टाकली असतील, बंद कर. मासे फार झाले असतील, कारण तुला थोडे काही पुरतच नाही; अर्धे नत्थुजीला नदीत सोडायला दे. जे ठेवशील ते मातीच्या रुंद परळात सावलीला ठेव. हौद उपस, पण घासू नकोस, नुसता पाण्याने खळबळून घे. रेती नवी. पुंजारामबरोबर डोणीतले तीन माठ पाणी, गोणपाटभर रेती आणि गवत देतो आहे. डोण मी पुन्हा उभी केली होती. तुझ्याचसाठी, असे समजायचे असेल तर समज. मासा एकही देत नाही. यंदा तुझ्या वहिनीच्या माशांना हात लावायची माझी छाती नाही. आणि या वेळी पाणी बदलू नका हे सत्यभामेला तू स्वतः सांग, तुला दाराआडून सांगावे लागत नाही. का बदलायचे नाही तेही सांग. शहाणी आहे ती, कारण कळले तर पाळील.

लांब उत्तर संपले. आता आखूड.

साहेब आला तेव्हा मी हौदापाशी उकिडवा बसलो होतो. प्रवासाचे मळके धोतर, बाह्या कोपरावर, हातांना गाळ. एक गवत सुटले होते, ते खोचत होतो. मला उठून आत जाता आले असते. तूही डोळ्यांनी तसे सुचवलेस, पण गवत सोडले असते तर ते साहेबासमोर तरंगले असते. साहेब हौदाला अगदी नाक लावून पाहत राहिला. मग माझ्याकडे बोट करून त्याने तुला काही विचारले; हे कोणी केले, हा कोण, असे असावे. तू इंग्रजीत उत्तर दिलेस. ‘हा माझा नोकर, साहेब. गावाकडचा आहे. लिहिता-वाचता येत नाही, पण हात हुशार आहेत.’

गोपाळ, कागदाबाहेर, माणसाच्या तोंडून मला कळलेले ते पहिले इंग्रजी वाक्य. सगळे कळले. एकही शब्द कोशात पाहावा लागला नाही. साहेब वाकला आणि बहिऱ्याशी बोलावे तसे मोठ्याने, सावकाश हिंदुस्थानीत म्हणाला, “बहुत अच्छा, बहुत अच्छा.” मी हात धोतराला पुसले, आणि कचेरीत शिपाई करतात तसा वाकून मुजरा केला. साहेबासमोर तुझे वाक्य खोटे पडू नये म्हणून. तू माझ्याकडे बघून हसलास. दादाला काही कळले नाही, असे ते हसू होते. मी ते हसू ओळखतो. चोरून गूळ खाल्लास की तू असाच हसायचास, आणि मी तेव्हाही न कळल्यासारखे करायचो. पुस्तक आतल्या खोलीत माझ्या गाठोड्यात होते. ते तसेच बांधून घेऊन मी त्याच संध्याकाळी निघालो. तू जरीकाठी धोतरजोडी दिलीस. तिची घडी मोडली नव्हती. काल पुंजारामला दिली. नोकराला द्यायची होती, नोकराला पोचली.

तुझ्या वहिनीला हे सांगितलेले नाही. सांगितले तर ती तुझी बाजू घेईल, आणि ते मला ऐकवणार नाही. तिने जवसाची चटणी बांधून दिली आहे, तुला आवडते तशी, लसूण जास्त घालून. खा. तिचा काही अपराध नाही.

इतक्या बारकाईने हे सारे का लिहिले ते आता सांगतो. तुझी दलाली राहावी म्हणून नव्हे, ती राहिली तर राहो. मला तुझ्या दिवाणखान्यात पुन्हा उकिडवे बसायचे नाही, आणि तुला पुन्हा तसे वाक्य बोलायला लागू नये. यातले एकेक काम तू स्वतःच्या हाताने कर. गडी लावू नकोस. रेती धुताना नखांत गाळ जाऊ दे, कोपरापर्यंत भिज, वास सोस, पाणी पांढरे पडले की ओतू नकोस. मग नवा साहेब नाक लावून पाहील आणि विचारील, हे कोणी केले? तेव्हा ‘मी’ म्हण. ते खरे असेल. या कागदाच्या पाठीवर तुझे ते वाक्य इंग्रजीत लिहिले आहे, तू बोललास तसेच, शब्द न गाळता. स्पेलिंग कुठे चुकले असेल तर दुरुस्त कर. तू शाळेत शिकलास, मी नाही. बैल जुंपले गेले आहेत आणि पुंजाराम माठांची तोंडे कडब्याने बांधतो आहे, म्हणून पुरे करतो.

तुझाच,
कमलाकांत
दस्तुर खुद्द